हे कोणी ठरवलं?

देवकी लोकांना मरणाबद्दल विचारते. नोकरीच तशी आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गेल्या सात वर्षांत साप चावून कोण कोण गेलं, याचं मोठं संशोधन चालू आहे. डॉक्टर, समाजशास्त्रवाले आणि संगणकवाले, तिघांनी मिळून काढलंय. घरोघर जाऊन टॅबवर एकाहत्तर प्रश्न भरायचे, मग उपचाराला उशीर कशामुळे झाला ते संगणक सांगणार. मी वाशिंदचा. हिंडतात त्या पोरी, मी बसून त्यांचे फॉर्म तपासतो. आयत्या बिळावर नागोबा, असं त्या माझ्यामागे म्हणतात. सापांच्या कामात त्यांना ही म्हणही आयतीच मिळाली.

देवकीचे फॉर्म मात्र मी तपासतच नसे. तिची चूक होईल असं कधी वाटलंच नाही. खर्डीजवळच्या पाड्यावरची ही बाई, चाळिशी उलटलेली, नवरा सहा वर्षांपूर्वी असाच गेलेला. पहिल्या आठवड्यात मी सोबत हिंडलो, तेव्हा बाकीच्या पोरी लोकांबरोबर रडल्या. हिचा आवाज रेशनच्या दुकानात नाव विचारावं तसा. "पापण्या जड झाल्या का? हो, नाय, माहीत नाय?" समोरची आई हंबरडा फोडायची. ही थांबायची, पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि पुढचा प्रश्न विचारायची.

एकदा न राहवून मी विचारलं, "देवकीताई, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटायचं दादा. आता नाय वाटत," ती म्हणाली आणि जेवणाचा डबा उघडला. मला तिचा राग आला. पुढे पुढे हेवाही वाटायला लागला, हे कबूल करतो.

चौपन्नावा प्रश्न असा होता: दवाखान्यात न्यायचं की नाही, हे कोणी ठरवलं? एक, रुग्णानं स्वतः. दोन, नवरा किंवा बायको. तीन, घरातली म्हातारी बाई. चार, इतर कोणी. घरोघर बोटं म्हातारीकडे जायची. तिनंच भगताला बोलावलं, तिनंच गाडी अडवली. म्हातारी कोपऱ्यात खाली मान घालून बसलेली असायची. देवकी तीन दाबायची.

संक्रांतीनंतर शहापूरला बैठक झाली. संगणकाचं काम बघणाऱ्या मिताली मॅडमनी पडद्यावर आलेख दाखवला. सगळ्यात उंच खांब तिसऱ्या पर्यायाचा. आता गावोगावच्या म्हाताऱ्यांना शहाणं करायचं, असं ठरलं आणि टाळ्या झाल्या. देवकीनं वाजवल्या नाहीत.

"मॅडम, माझं घर ह्यात आलंय?" तिनं विचारलं.

"नाही ताई, पुढच्या यादीत आहे. पण आपल्या घरचा फॉर्म आपण भरायचा नाही. रेश्मा येईल."

रेश्मा आमची सगळ्यात नवी पोरगी. तिच्यासोबत मीही गेलो. ओटीवर देवकीची सासू ताराबाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिची गोष्ट पाड्यावर सगळ्यांना पाठ होती. दारात आलेली रिक्षा म्हातारीनं परत पाठवली आणि स्वतःचा मुलगा घालवला. पूर्वी प्रत्येक बाळंतिणीला शेक द्यायला तिलाच बोलवायचे. सहा वर्षांत एकाही घरानं बोलावलं नव्हतं.

"मयताचं नाव?" रेश्मानं सुरुवात केली.

"दामू."

नवऱ्याचं नाव घेताना आमच्याकडच्या बाया अजून अडखळतात. ही अडखळली नाही. पहाटे खळ्यावर भाताच्या राखणीला झोपले होते, उठून घरी आले. बोटाला काहीतरी चावलं बोलले. सूज नव्हती. दोन तासांनी पापण्या मिटायला लागल्या. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येत होतं.

चौपन्नावा आला. रेश्मानं तो वाचलाच नाही, सरळ तीनकडे बोट नेलं. सगळ्या गावाला माहीत असलेलं विचारायचं कशाला?

"थांब गो," देवकी म्हणाली. "मला विचार."

रेश्मानं विचारलं.

"दोन."

ताराबाईचा हात शेंगेवर थांबला. "तीनच लिव गो पोरी. ती काय बी बोलते."

"आई बोलत होत्या, रिक्षात घाल," देवकी त्याच रेशनच्या आवाजात सांगत होती. "मी नाय घातलं. मी निंबाचा पाला चावायला दिला. गोड लागला तं इख चढलं, कडू लागला तं काय नाय, असं माझ्या माहेरी बोलतात. ते बोलले, कडू लागतो. मी रिक्षावाल्याला बोलले, जा." मग ती माझ्याकडे वळली. "निंब कडूच असतो ना दादा. मरणाऱ्याला बी कडूच लागतो."

"मग लोक आजींना का..." रेश्मा चाचरली.

"मयतीला कोणीतरी विचारलं, रिक्षा कोणी पाठवली. आई बोलल्या, मी. मी गप रायले."

"तुझ्या पदरात पोर व्हतं," ताराबाई सुनेकडे न बघता म्हणाली. "तुला गावात दिवस काढायचे व्हते. माझं काय जात व्हतं?"

मला वाटलं, आता देवकी रडेल. रेश्मा रडली. मला शरम वाटली, नेमकी कशाची ते तेव्हा कळलं नाही. देवकीनं टॅब आपल्याकडे ओढला, नियम मोडून स्वतःच्या बोटानं दोन दाबलं आणि तो परत दिला. मग सासूच्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागली.

"दादा," ती मान वर न करता म्हणाली, "माझी दोनशे अकरा घरं झाली. समदीकडं म्हातारी तिथंच बसलेली. तिला मी एकदा बी नाय विचारलं."

मीही तिचा एकही फॉर्म तपासला नव्हता.

"परत जायला लागेल," ती म्हणाली.