अराबा ओट्सिवाचं गाळलेलं नाव

केप कोस्टच्या आमच्या वर्तमानपत्रात ब्लँकसनसाहेब तीस वर्षं संपादक होते. त्या तीस वर्षांत त्यांनी स्वतः लिहिलं काय, ते विचारू नका. टाय मात्र रोज नवा असायचा.

अराबा ओट्सिवा ही तिथली एकुलती एक बाई. तिच्याकडे महिलांचं पान होतं. भेंडीचा रस्सा, पडद्यांचे रंग, नवऱ्याची मर्जी, असलं काहीबाही. ती मासे धुरावर सुकवून विकणाऱ्या बाईची पोर; पडदा तिच्या घरात कधी नव्हताच. मी खाली छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो.

एका ऑगस्टमध्ये एका होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं आणि सात कोळी बुडाले. आमचे शूर वार्ताहर पोलीस कचेरीतल्या पंख्याखाली बसून 'दैवी आपत्ती' असं लिहून आले. अराबा चार दिवस विधवांबरोबर वाळूत बसली. येताना होडीवाल्यांच्या उरलेल्या पिंपातलं पेट्रोल बाटलीत भरून घेऊन आली आणि तिनं ती बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"बघा साहेब. वर पेट्रोल, खाली पाणी. अमिसानं पुरवलेलं."

अमिसा म्हणजे पेट्रोलचा ठेकेदार. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा, साहेबांचा जिवलग.

"सिस्टर, आधी ती बाटली उचल. टेबलाला वास लागेल."

"आणि बातमी?"

"बातमीचं मी बघतो. तू तुझ्या पानातल्या केकचं बघ."

अराबानं लिहिलेली बातमी छापून आली. त्यात अमिसाचं नाव नव्हतं, अराबाचंही नव्हतं. वर ठळक अक्षरात छापलं होतं, 'आमच्या संपादकांकडून'. तिच्या नावाचे खिळे मी जुळवले होते; साहेबांचा हुकूम आला तसे मीच उपसून काढले. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. त्या बातमीसाठी राजधानीतल्या, अक्राच्या बड्या लोकांनी साहेबांना चांदीचं तबक दिलं. ते घेताना साहेब रडलेसुद्धा.

अराबानं नोकरी सोडली नाही. लोक तिला भित्री म्हणाले. पाच वर्षं ती जेवणाच्या सुट्टीत लिहीत राहिली आणि एक दिवस तिची कादंबरी छापून आली. त्यात एक ठेकेदार होता, एक संपादक होता. नावं तेवढी बदललेली. साहेबांनी परीक्षण लिहिलं, 'स्वयंपाकघरातल्या चहाड्या.' त्यांची प्रत पुढे माझ्याकडे आली. आतली पानं एकमेकांना चिकटलेली होती, कुणी उघडलीच नव्हती.

दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले. मग शाळेतल्या एकुआबाई रोज दुपारी किनाऱ्यावर, मासे धुरावर सुकवायच्या भट्ट्यांपाशी, बायकांना पुस्तक वाचून दाखवू लागल्या. वाचता वाचताच त्यातलं इंग्रजी आमच्या फांटी भाषेत सांगायच्या. बाटलीचं प्रकरण आलं तेव्हा त्या होडीवर दोन मुलगे गमावलेली म्हातारी मानसा म्हणाली, "थांब गं. हा अमिसाच ना?"

"पुस्तकात नाव दुसरं आहे, आई."

"पुस्तकाचं राहू दे. मी विचारते, अमिसाच ना?"

अराबा तिथंच बसली होती. म्हणाली, "हो, आई. तोच."

दुसऱ्या दिवसापासून अमिसाच्या बायकोला बाजारात कुणी मासा विकेना. ती टोपली घेऊन शेजारच्या एल्मिना गावी गेली.

"बाई, तुमच्या घरी पाण्याला तोटा नाही," तिथली कोळीण म्हणाली. "मासा त्यातच धरा."

कोळ्यांनी पेट्रोल दुसरीकडून आणायला सुरुवात केली. वर्षभरात अमिसानं गाशा गुंडाळला आणि समुद्रापासून दूरचं कुमासी शहर गाठलं. खटला झालाच नाही. पोलिसांना म्हणे कागद सापडले नाहीत. पंखा मात्र सापडला असणार.

त्याच सुमारास साहेबांचा अग्रलेख झळकला, 'पहिला आवाज आम्हीच उठवला!' त्यांनी अराबाला बोलावलं. मी तेव्हा मुद्रितं घेऊन दारातच उभा होतो.

"सिस्टर, आपण एकाच घरातली माणसं. या कचेरीनं तुला कसं घडवलं, त्यावर एक लेख लिही ना."

"लिहिते की. खाली नाव कुणाचं घालू, साहेब?"

तिनं राजीनामा टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली.

पुढे अकरा वर्षं तिनं रेडिओवर फांटीत बातम्या वाचल्या, आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या. अक्रातून तिला कुणी काही दिलं नाही, तिनंही मागितलं नाही. आता विद्यापीठाची पोरं इस्त्रीचे कपडे घालून तिच्या दारात येतात.

"आंटी, तुम्हाला लिहायची प्रेरणा कुठून मिळाली?"

"आधी किनाऱ्यावर जाऊन बसा," ती सांगते, "मग या."

बहुतेक जण परत येत नाहीत.