काका आले

लंडनच्या बेथनल ग्रीन भागात अर्नी पिल्चरने उभी हयात भाजीची गाडी लावली. तिथल्या फेरीवाल्यांची बोलीच वेगळी. एखाद्या शब्दाशी जुळणारं यमक शोधायचं, आणि पुन्हा नेमका जुळणारा तुकडाच गिळून टाकायचा. परक्याने बसावं डोकं खाजवत! ही बोली काढली कोणी, यावर दारूच्या गुत्त्यात वाद रंगत. कोणी म्हणे चोरांनी, कोणी म्हणे फेरीवाल्यांनी. अर्नीचा बाप म्हणे, "ज्यांच्या मागे शिपाई लागतो त्यांनी. मग चोर काय नि आपण काय."

बापाने घरचाही एक शब्द घडवला होता. इन्स्पेक्टर म्हणजे 'काका हेक्टर'. त्यातला हेक्टर गिळायचा. "काका आले रे" अशी हाक गेली, की बिनपरवान्याची गाडी बोळात गडप. बाप बजावायचा, "जिना, टोपी, बायको यांचे बोलीतले शब्द खुशाल सांगा लोकांना. काका घराबाहेर जाता कामा नये."

पुढे अर्नीचे गुडघे गेले. धाकट्या भावाला, लेनला, परवाना मिळेना, म्हणून तो बापाची हिरवी गाडी चोरून लावी आणि अर्नी कोपऱ्यावर खोक्यावर बसून राखण करी. रविवारी दुपारी मात्र अर्नी गुत्त्यात शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना बोलीच्या गमती सांगे.

एका रविवारी एक बाई जांभई देत म्हणाली, "आजोबा, हे सगळं माझ्या स्वयंपाकघरातल्या फडक्यावर छापलंय. नवीन काही आहे का?"

अर्नीला ते झोंबलं. त्याने काका सांगून टाकला, हेक्टरसकट. काय टाळ्या पडल्या म्हणता! कोपऱ्यात लिंबूसरबत पीत बसलेला एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस तर सगळ्यात जास्त वाजवत होता.

गुरुवारी गल्लीच्या तोंडाशी सरकारी टोपी दिसली. अर्नीने हाक दिली, "लेन, काका आले रे!"

टोपीवाला थांबला. जवळून पाहिलं, तर तोच गुळगुळीत चेहरा. "हेक्टर ना?" तो हसून म्हणाला. "चला, पुतण्याला भेटू." आणि लेन गाडी बोळात वळवतो तोच, इकडेतिकडे न बघता सरळ त्याच्यापाशी गेला. बापाची गाडी ट्रकवर चढली, ती गेलीच.

संध्याकाळी अर्नी वाडगाभर शिजवलेले वाम मासे घेऊन भावाच्या दारी गेला. लेनने दार अर्धंच उघडलं.

"नमस्कार. आपल्याला कोण हवंय?"

"लेन्या, अरे मी."

"आपण चुकीच्या दारी आलात, मिस्टर पिल्चर."

ही शुद्ध पुस्तकी भाषा त्यांच्या घरात फक्त न्यायाधीशापुढे आणि भाडेवसुलीवाल्यापुढे बोलली जाई. अर्नी वाडगा पायरीवर ठेवून परतला.

रविवारी गुत्त्यात नवे पाहुणे होते. काकाची गंमत त्यांच्या कानावर आधीच गेली होती. "आजोबा, ते काकांचं सांगा ना."

अर्नीने सांगितलं. आता त्याचं ऐकायला हे पाहुणेच तेवढे उरले होते.