झिजलेल्याचं माप

माझं वर्कशॉप बेंगळुरूत, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका आतल्या गल्लीत आहे. संगणकावर चालणारं एक सीएनसी मशीन, एक जुना लेथ, एक ड्रिल आणि मी धरून दोन माणसं. बाजारात ज्यांचे सुटे भाग मिळेनासे झालेत, अशा जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे भाग मी करून देतो. कुणाचा एखादा बुश, कुणाची कार्ब्युरेटरची दांडी. बहुतेक वेळा एकच नग. तो बसला की काम संपलं.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ह्या धंद्याचं कधीच कौतुक नव्हतं. ते बेळगावात पंपाच्या कारखान्यात लेथ चालवणारे टर्नर होते, चाळीस वर्षं. एकदा मशीन लावलं की त्याच मापाचे शेकडो नग काढायचे, ही त्यांची कामाची कल्पना. मी नोकरी सोडून हे सुरू केलं तेव्हा फोनवर ते एवढंच म्हणाले होते, "एका नगासाठी एवढं सेटिंग करायलास?"

गेल्या वर्षी आई गेली. साधंच ऑपरेशन होतं, दोन दिवसांत घरी येणार होती, ती आली नाही. आप्पांना मी बेंगळुरूला घेऊन आलो. आमचं घर दासरहळ्ळीला, चौथ्या मजल्यावर. ते सकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे आणि दुपारी तीच खुर्ची आत ओढून बसायचे. पहिल्या आठवड्यात खाली भाजी आणायला गेले होते. भाजीवाल्याशी आपल्या बेळगावच्या कानडीत बोलले, प्रत्येक शब्दामागे आदराचा 'री' लावून. तो हसला. वाईट हेतूनं नसेल, पण आप्पा त्यानंतर खाली गेले नाहीत.

त्यांच्या डोळ्यांचं मला उशिरा कळलं. चहा गाळताना ते कपाच्या आत बोट धरायचे. बोटाला चटका बसला की थांबायचे. माझ्या बायकोनं ते पाहिलं आणि मला सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, चांगले पिकलेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आप्पांनी नको म्हटलं. मी समजावलं, बायकोनं समजावलं. ते चिडले नाहीत, वादही घातला नाही. फक्त म्हणाले, "एक जण गेलं की ऑपरेशनला."

त्याच सुमारास एक बाई वर्कशॉपवर आल्या. वय सत्तरीच्या आसपास, केस बारीक कापलेले, गुडघ्याला पट्टा. हातात जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. त्यांनी ते टेबलावर सोडलं. स्पोर्ट्स गाडीच्या पाण्याच्या पंपाची बॉडी, मधोमध तडकून दोन तुकडे झालेली. इंजिन गार ठेवायला हा पंप आतलं पाणी फिरवत ठेवतो. गाडी दोन सीटची, उघड्या टपाची, त्यांच्या तरुणपणातली. मी सहज विचारलं, तुमच्या मिस्टरांची गाडी का? त्या म्हणाल्या, नाही, माझी. पहिल्या काही वर्षांच्या पगारातून त्यांनी ती एका निवृत्त कॉफी-मळेवाल्याकडून घेतली होती, लग्नाच्या आधी. आता शहराबाहेर, होसकोटेच्या बाजूला राहत होत्या. गुडघे अजून वर्ष-दोन वर्षं क्लच दाबू देतील, तेवढी वर्षं त्यांना ती चालवायची होती.

मी दोन्ही तुकडे जुळवून धरले, मशीनच्या प्रोबनं, म्हणजे मोजायच्या टोकानं, आतली-बाहेरची सगळी मापं घेतली आणि ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून नवी बॉडी कोरून काढली. आतला पाणी फेकणारा पंखा, इंपेलर, तोही जुन्याबरहुकूम नवा केला. वस्तू इतकी देखणी झाली की मी तिचे फोटो काढले. बसवली, गाडी सुरू झाली, बाई खूश होऊन गेल्या.

तासाभरानं त्यांचा फोन आला. घरच्या वाटेवर, केआर पुरमच्या गर्दीत, तापमानाचा काटा लाल खुणेच्या पुढे गेला होता. मी स्कूटरवरून पाण्याचे दोन कॅन घेऊन पोचलो तेव्हा गाडीचं बॉनेट उघडं होतं, वाफ निघत होती आणि बाई एका टायरवाल्यानं दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर फुटपाथवर बसल्या होत्या. मला वाटलं होतं, आता बोलणी खावी लागणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं काम दिसतं छान. पण पाणी फिरत नाहीये." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गाडी टेम्पोवर चढवून पीण्याला आणली. दोन दिवस मी चूक शोधत होतो. गळती नव्हती, बेअरिंग ठीक होतं, पंप फिरवणारा पट्टा ठीक होता. रविवारी सकाळी जुने तुकडे आणि नवी बॉडी, दोन्ही घरी जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो होतो. आप्पा पाणी प्यायला उठले. टेबल चाचपताना त्यांचा हात जुन्या तुकड्यावर पडला, आणि तिथंच राहिला.

"पंप हाय काय रे?"

मी हो म्हटलं. ते खुर्ची ओढून बसले. एक तुकडा मांडीवर घेतला आणि आतल्या तोंडावरून अंगठा फिरवू लागले, सावकाश, गोल गोल. मग दुसरा तुकडा. मग माझी नवी बॉडी आणि त्यात माझा इंपेलर. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना कशात तरी गुंतलेलं बघत होतो.

"पाणी खाल्लंय ह्याला," ते म्हणाले. "आतनं सगळं खाल्लंय. तू झिजलेल्याचं माप घेतलास."

मी म्हटलं, आप्पा, प्रोब लावून मोजलंय, मायक्रॉनपर्यंत.

"मोजला असशील. पण कुठं मोजलास?"

त्यांनी माझं बोट धरलं आणि जुन्या तुकड्याच्या कडेला, बोल्टच्या भोकाशेजारी नेऊन टेकवलं. तिथं गॅस्केटखाली, म्हणजे जोडावरच्या पॅकिंगखाली दडलेली, नखाएवढी एक जागा होती. गुळगुळीत. बाकी सगळा पृष्ठभाग हाताला बारीक रव्यासारखा लागत होता, ही जागा काचेसारखी. "इथं पाणी पोचलेलं नाही," आप्पा म्हणाले. "इथनं धर. ही मूळची हाय."

मी तिथून खोली मोजली आणि आकडा मिलिमीटरमध्ये सांगितला, कसातरीच अर्धवट आकडा. आप्पा म्हणाले, इंग्रजांची गाडी असणार, इंचात बघ. इंचात बघितलं तर तो बरोबर पाऊण इंच निघाला. मग त्यांनी एकेक मोकळी जागा सांगितली आणि मी ती मोजत गेलो. पंख्याची पाती आणि बॉडी यांच्यात तीस थाऊ, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले तीस, एवढीच फट हवी होती. माझ्या देखण्या नगात ती त्याच्या अडीचपट होती. पंखा फिरत होता, पाणी मात्र पुढे न जाता त्या फटीतून मागे सरकत होतं. मी एका म्हाताऱ्या पंपाची हुबेहूब नक्कल केली होती.

सोमवारी मी निघालो तर आप्पा चप्पल घालून दाराशी उभे. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मेट्रोनं दोघं पीण्याला गेलो.

बॉडी मी मशीनवर काढली. ते चालू असताना आप्पांनी काचेला हात लावून फक्त आवाज ऐकला. पण इंपेलरचं शेवटचं फेसिंग, म्हणजे तोंड कापून मापात आणणं, लेथवरच करायचं, असा त्यांनी हट्ट धरला. मला भीती वाटत होती. फिरत्या मशीनपुढं धड दिसत नसलेला माणूस. मी म्हटलं, तुमच्या शेजारून हलणार नाही. त्यांनी बाह्या दुमडल्या, लेथच्या हँडलवर हात ठेवला आणि एकदा पुढं-मागं फिरवून त्यातली ढिलाई बघितली. घरी चहाचा कप धरताना त्यांचा हात थोडा हलतो. हँडलवर तो हलत नव्हता.

मग आमचं काम सुरू झालं. ते पाच थाऊचा कट घ्यायचे, लेथ थांबवायचे, मागं सरायचे. मी मायक्रोमीटर लावून आकडा वाचायचा. ते मान हलवायचे आणि पुढचा कट. आयुष्यात आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम. लहानपणी ते कामावर असायचे, मोठेपणी मी इकडे आलो.

मध्ये चहाला थांबलो तेव्हा ते आपणहून बोलायला लागले. आई एकदाच त्यांच्या कारखान्यात आली होती, खंडेनवमीला, मशीनच्या पूजेसाठी. नवीनच लग्न झालेलं. तिथं तयार पंपांची थप्पी लागली होती, छतापर्यंत. तिनं विचारलं, ह्यातला तुमचा कुठला?

"काय सांगणार?" आप्पा म्हणाले. "सगळे एकसारखे. मी म्हटलं, सगळ्यात थोडा थोडा हाय. तिला काय पटलं नाही ते. लई वर्षं चिडवायची."

थोड्या वेळानं त्यांनी लेथच्या चकमध्ये पकडलेला नग अंगठ्यानं पुसला. "हा सांगता आला असता," ते म्हणाले. आणि परत लेथ सुरू केला. मला नंतरचे दोन-तीन आकडे नीट वाचता येईनात, ते मी परत परत मोजले.

बुधवारी पंप बसवला. बाई आल्या. आम्ही गाडी गल्लीत उभी करून अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, दुपारच्या उन्हात. काटा मधोमध येऊन थांबला तो हलला नाही. मी त्यांना सांगितलं की चूक माझी होती आणि ती माझ्या वडिलांनी शोधली, बोटानं. बाई आप्पांकडे वळल्या. आप्पा तेव्हा जुना तुकडा उजेडाकडे तिरका धरून बघत होते, अगदी नाकाशी. बाईंनी काही क्षण ते पाहिलं आणि कानडीत विचारलं, किती दिवसांपासून असं आहे?

त्या डोळ्यांच्या सर्जन होत्या, निवृत्त झालेल्या. मला तोवर ते माहीत नव्हतं, मी त्यांना फक्त गाडीबद्दलच विचारत आलो होतो.

आप्पांनी त्यांच्या बेळगावच्या कानडीत उत्तर दिलं. बाई हसल्या नाहीत, उलट म्हणाल्या की आपली पहिली नेमणूक धारवाडला होती, ही भाषा ऐकून बरं वाटलं. मग त्या एका रिकाम्या खोक्यावर बसल्या, गुडघा लांब करून. ऑपरेशन करा, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. आप्पांनीच विचारायला सुरुवात केली, एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं. टूल कसलं वापरता? जॉब धरता कसा, डोळा तर हलणार? हात थरथरला तर? बाई प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देत होत्या. थरथरायचा, म्हणाल्या, पहिली दोन वर्षं. मग सवय झाली.

"आणि कट केवढा घेता?" आप्पांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं, अडीच मिलिमीटर.

आप्पा माझ्याकडे वळले. "इंचात किती झाले रे?"

"शंभर थाऊ, आप्पा."

त्यांनी दोन बोटांत तेवढी फट धरून बघितली. आदल्या दोन दिवसांत त्यांनी पाच-पाच थाऊ काढले होते, डोळे नसताना. "शंभर?" ते म्हणाले. "मग लई जागा हाय की."

बाई मोठ्यानं हसल्या. आप्पाही हसले. मी हातातला पाना उगाचच पुसत राहिलो.

ऑपरेशन बाईंच्या एका विद्यार्थिनीनं केलं. बाई स्वतः आत उभ्या राहिल्या होत्या, आप्पांनी तेवढी एकच अट घातली होती. बाहेर बाकड्यावर मी आणि बायको बसलो होतो. आत गेलेलं माणूस बाहेर येतं की नाही, ह्या विचारानं मी गेल्या वर्षीसारखाच दारावरच्या दिव्याकडे बघत होतो. वीस मिनिटांत आप्पा चालत बाहेर आले. एका डोळ्यावर पट्टी, आणि तोंडात तक्रार, की आतमध्ये थंडी फार ठेवतात. महिन्याभरानं दुसरा डोळा झाला.

आता ते आठवड्यातले तीन दिवस माझ्याबरोबर पीण्याला येतात. माझ्या ऑपरेटरला त्यांची कानडी पाठ झाली आहे. मेट्रोत आप्पा खिडकीशी उभं राहून खालच्या शेडवरच्या पाट्या मोठ्यानं वाचतात, कानडी आणि इंग्रजी, आणि आजूबाजूची माणसं बघतात. माझ्या कामाला नावं ठेवणंही सुरू झालंय. फिनिश चांगलं नाही, टूल बोथट आहे, हा कोपरा असा का सोडलास. पूर्वी मला ह्याचा राग आला असता.

मागच्या महिन्यात एका रविवारी बाई गाडी घेऊन आमच्या बिल्डिंगखाली आल्या. आप्पांना चक्कर मारायला नेणार होत्या, होसकोटेच्या तळ्यापर्यंत. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. एवढ्या बसक्या गाडीत शिरायचं कसं, हे त्यांना उमगेना. शेवटी आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे, असं बाईंनी करून दाखवलं. भाजीवाला गाडा सोडून बघायला आला. आप्पांनी त्याला विचारलं, "हेंग ऐतिरी?" म्हणजे कशी आहे. तो म्हणाला, "सूपर री, अज्जा." त्यानंही 'री' लावला होता.

दुपारी दोनला दोघं परत आले. आप्पांचे केस वाऱ्यानं उभे झाले होते आणि नाक उन्हानं लाल. वाटेत एका गाड्यावर डोसा खाल्ला म्हणाले. बाईंनी दोन खाल्ले. काय काय बोललात, असं बायकोनं विचारलं, तर म्हणाले, विशेष काही नाही, वाऱ्यात ऐकूच येत नाही. मग जेवायला बसले आणि थोड्या वेळानं, ताटाकडे बघत, त्यांनी तिला सांगितलं की पुढच्या रविवारी दुपारी आपला भात लावू नको.