गादीवाल्याची जीप

आमच्या यांना वरच्या वस्तीतली माणसं ‘गादीवाले’ म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात आणि हे हसून घेतात. डोंगरावरच्या त्या वस्तीला पक्का रस्ता नाही. शाळेच्या बाई, आठवड्याला जाणारी नर्स, सिलिंडर, पिठाची पोती, टपालाची पिशवी, कोणाचं बाळंतपण अडलं तर ती बाईसुद्धा, सगळ्यांची ने-आण आमच्या जुन्या जीपमधून व्हायची. जीप चालवताना यांच्या बुडाखाली एक आणि पाठीमागे दोन, अशा मी शिवलेल्या गाद्या असायच्या. “महाराज गादीवर बसले, आता निघायला हरकत नाही,” असं शाळेच्या बाई म्हणायच्या.

पाठ दुखते म्हणून गाद्या, असं आम्ही घरचे सगळ्यांना सांगायचो. पाठ दुखत नव्हती. जीप यांच्या थोरल्या भावाची. माझे मोठे दीर ताडमाड उंच, आमच्या दारातून वाकून यायचे. हे त्यांच्या खांद्याला जेमतेम लागतील एवढेच. दीर गेले तेव्हा ड्रायव्हरचं सीट त्यांच्या पायांच्या मापाने अगदी मागे होतं. ते कोणी पुढे घेतलं नाही. घ्यायचं नाही असं कोणी ठरवलंही नव्हतं.

धुक्याची सकाळ होती. वळणावर रस्त्यात धोंडा आला होता, तो काढायला दीर हँडब्रेक लावून खाली उतरले आणि पायाखालची कड सुटली. पायी उतरणाऱ्या माणसांना जीप दिसली ती इंजिन चालू, दिवे लागलेले, दार उघडं. दीर खाली दरीत सापडले. त्यानंतर जीप आणायला हे गेले. मागे सरकवलेल्या त्याच सीटच्या काठावर टेकून, पाय ताणून त्यांनी ती घरी आणली. मी जुन्या रजईचा कापूस काढला आणि पहिली गादी शिवली.

जीप पुसायचं काम माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. आधी गाद्या काढून पायरीवर ठेवायच्या, सीट पुसायचं, गाद्या होत्या तशा लावायच्या. जीपमध्ये त्या कधी बसल्या नाहीत. एकदा पुसताना मला म्हणाल्या, “त्यांचे कपडे दिले, चपला दिल्या. पायांची लांबी तेवढी हिच्यात राहिली आहे.”

यांना त्या जीपने चालवायला शिकवलं असंही म्हणता येईल. लहानपणी दीर यांना मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला द्यायचे, खालचे पाय दिरांचे, वरचे हात यांचे. एकदा जेवताना हे मला म्हणाले, की चढ लागला की पाठीला ऊब लागते, मागे कोणी बसल्यासारखी. मी म्हटलं, कापसाची असेल. “कापसाची ऊब मला कळते,” एवढंच म्हणून ते भात कालवत बसले. देव मानणाऱ्या बाईने असल्या गोष्टी मानू नयेत, असं मला वाटतं. पण हे निघाले की मी देवासमोर बसून एकाला सांभाळ म्हणायची, आणि दर वेळी तोंडून ‘दोघांना’ निघायचं.

मग ते झालं. खाली उतरून एस.टी.च्या थांब्यापाशी येताना जीप थांबलीच नाही. हे गादीवरून घसरून ब्रेकपर्यंत पोचेतोवर ती थांब्याच्या भिंतीला जाऊन भिडली. नर्सचं कपाळ समोरच्या दांडीवर आपटलं, टाके पडले. मागे एक बाई कडेवर मूल घेऊन बसली होती, ते मूल तिने कसं धरलं तिचं तिला माहीत. नर्स कोणाला बोलली नाही. टाके घालून आली आणि यांना म्हणाली, “काका, पुढच्या आठवड्याला लस न्यायची आहे. मला भीती वाटत नाही असं मी खोटं सांगणार नाही.”

पुतणी, म्हणजे जाऊबाईंची मुलगी, शहरात नोकरीला आहे. ती दुसऱ्या दिवशी हजर. ही गाडी आहे की अवशेष, आता तिला पेन्शन द्या, असा तिचा सूर. ब्रेक दोनदा बदलून झाले होते. मिस्त्रीने दोन्ही वेळा म्हटलं होतं, की जुन्या ब्रेकला काही झालेलं नाही. तरी आम्ही बदला म्हटलं म्हणून त्याने बदलले. दोष कशात आहे, ते त्यालाही ठाऊक होतं. दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला बोला, म्हणून तो गप्प. हे मात्र हट्टाने म्हणत राहिले की गाडी जुनी झाली, दोष गाडीचा. पुतणी आम्हा दोघांना शोरूमला घेऊन गेली.

तिथला विकणारा पोरसवदा, गळ्यात टाय. डोंगरात चालणारी नवी गाडी त्याने यांना चालवायला दिली. पुतणी आणि मी मागे. हे सीटच्या काठावर बसले, पाय ताणले, हात लांब केले. तो म्हणाला, काका, सीट पुढे घ्या ना. हे थांबले. मग हळूच विचारलं, “कुठून घ्यायचं?”

त्याला वाटलं थट्टा करताहेत. किती वर्षं गाडी चालवता, असं त्याने हसत विचारलं आणि खाली वाकून खटका ओढून यांना सीटसकट पुढे सरकवलं. लहान मुलाची खुर्ची टेबलाशी ओढावी तसं. मोकळ्या आवारात हे थोडं अंतर गेले आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी. आम्ही दोघी पुढे आपटलो. पुन्हा गेले, पुन्हा दाबला. मग आणखी एकदा. उतरल्यावर गाडीची किंमत न विचारता म्हणाले, “आपल्या जीपचे ब्रेक चांगले आहेत.”

पुतणी चिडून काही बोलणार होती. मग तिने यांच्या पायांकडे पाहिलं आणि ती दुसरीकडे बघायला लागली.

आता प्रश्न नवी-जुनीचा राहिलाच नव्हता. जीप ठेवायची तर सीट पुढे घ्यायला हवं. ते घेववत नसेल तर जीप विकून टाकायला हवी. संध्याकाळी यांनी हे असंच जाऊबाईंपुढे ठेवलं. त्या दाणे निवडत होत्या, निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, विकली तर घेणारा आपल्या दारातच सीट सरकवून बसेल. परक्याने सरकवण्यापेक्षा तुम्ही सरकवा.

सकाळी मिस्त्रीला बोलावलं. खटका गंजून बसला होता. त्याने तेल सोडलं, ठोकलं, यांनी जोर लावला. सीट सरकलं तेव्हा असा काही आवाज आला की मी पदर तोंडावर धरला. जाऊबाई हातातलं फडकं पिळत भिंतीशी उभ्या होत्या. फडकं कोरडं होतं.

तीन-चार आठवडे बरे गेले. हे नीट बसायचे, जीप नीट थांबायची. नर्सला तर इतका धीर आला की ती पुढे बसून विनोद करायला लागली. त्या दिवशीही ती पुढेच होती, म्हणून आज मी हे लिहू शकते. चढावर, त्याच वळणावर, सीट खाडकन सुटलं आणि यांना घेऊन मागे गेलं, थेट जुन्या जागी. पाय अधांतरी. जीप दरीच्या बाजूने उलटी घरंगळायला लागली. नर्सने दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला.

हे मला नर्सकडून कळलं. यांनी घरी येऊन हातपाय धुतले आणि म्हणाले, “दादाने जागा परत घेतली.”

मिस्त्रीने खालून पाहिलं. म्हणाला, इतकी वर्षं सीट एकाच खाचेत अडकलेलं, बाकीच्या खाचा गंजून खल्लास. चढ लागला की मागे येणारच. मला दोघांचंही पटलं. दोन्ही खरं कसं असेल, हे मला सांगता येत नाही.

वेल्डिंग करून देतो, मग देव आला तरी हलणार नाही, असं तो म्हणाला. देवाला यात ओढू नकोस, मी म्हटलं. यांनी मान डोलावली. मिस्त्रीने सामान मांडलं, काच डोळ्यांवर धरली. तेवढ्यात जाऊबाई आतून ओल्या हातांनीच आल्या आणि मधे उभ्या राहिल्या.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “ते उठायचे नाहीत. तुम्ही उतरा.”

हे जीपला हात लावून उभे होते. मिस्त्रीने काच खाली केली. बऱ्याच वेळाने यांनी हात काढला.

जीप कोणाला चालवायला द्यायची नाही, मोडीत द्यायची, असं जाऊबाईंनी सांगितलं. सीट होतं तिथेच, मागे, राहू दिलं. मोडीवाला दोरी बांधून ओढून नेणार होता, पण मग स्टिअरिंगवर कोणाला तरी बसवावं लागलं असतं. म्हणून ट्रक आणवला आणि जीप उचलून त्यावर चढवली. ट्रक वळला तेव्हा ड्रायव्हरची जागा रिकामी दिसली. रिकामी होती असंच मी म्हणते. जाऊबाई डोळे न मिटता बघत राहिल्या आणि मग स्वयंपाकाला लागल्या.

मग शोरूममधली ती नवी गाडी घेतली, तिला आता सहा महिने होत आले. तिच्यात एकही गादी नाही, तरी वस्तीतली माणसं यांना गादीवालेच म्हणतात. नर्सच्या कपाळावरचा व्रण फिका झालाय.

परवा शाळेच्या बाईंना भेटायला मी यांच्याबरोबर वर गेले. मुद्दाम मागे बसले. सपाटीला हे मजेत टेकून बसले होते. चढ लागला तशी यांची पाठ सीटवरून सुटली, चार बोटं पुढे आली आणि तशीच राहिली. कोणाला तरी जागा करून द्यावी तशी.

“टेका ना,” मी म्हटलं.

“टेकतो. वळण जाऊ दे.”

वळण मागे पडलं. वस्तीची घरं दिसायला लागली, शाळेची घंटा ऐकू आली. हे टेकले नाहीत आणि मीही पुन्हा म्हटलं नाही.