पाच फुटांचं कलम

"हे कुणी वाचून दाखवलं मला?" कमलमावशींनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

हैदराबादच्या कुकटपल्लीतलं सोलर कंपनीचं ऑफिस. टेबलावर चौसष्ट पानांचं इंग्रजी लीज अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे जमीन भाड्याने देण्याचा करार. मुदत एकोणतीस वर्षं. शेवटी छापलेलं होतं : 'वरील सर्व मजकूर जमीनमालकास त्यांच्या मातृभाषेत वाचून दाखवला व समजावून सांगितला.' त्याखाली वकिलाची सही. वकील मी. आणि माझी सही मावशी लिफ्टमधून बाहेर पडायच्या आधीच झालेली होती.

हे सर्टिफिकेट देण्यासाठीच कंपनीने मला आपल्या वकिलांच्या पॅनलवर घेतलं होतं. नारायणगुड्यात माझं लहानसं ऑफिस आहे. शाळा इंग्रजी, गल्ली दखनी आणि घर मराठी, असं माझं हैदराबादी शिक्षण. जमिनी देगलूरच्या बाजूच्या, मालक मराठी, त्यामुळे मी सोयीची. मावशींची जमीन ज्या गावात, त्याच गावातल्या अकरा जणांच्या करारांवर मी आधी अशाच सह्या ठोकल्या होत्या. 'इतकं भाडं, इतकी वर्षं, इथे सही करा,' एवढंच माझं समजावून सांगणं. सगळेच वकील असं करतात, हे उत्तर तोंडात तयार असायचं.

कमल वाघमारे विद्यानगरात राहतात. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. त्यांच्या वडिलांनी लोकांच्या शेतात राबून एकेक एकर जोडत आठ एकर जमीन केली, ती यांच्या नावावर. पाच एकर कंपनीला द्यायची आणि उरलेल्या तिनात दोन मजली घर बांधून तिथेच राहायचं, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

"मावशी, मी थोडक्यात सांगते," मी म्हणाले.

"थोडक्यात नगं. पस्तीस वर्षं वार्डात काढले म्या. ऑपरेशनच्या कागदावर पेशंटला न सांगता सही घेतली तर आमची मेट्रन सोडत नव्हती. तुम्ही तर सही करून मोकळ्या झाल्या, अन् पेशंट आत्ता यायलाय."

लँड मॅनेजर श्रीनिवास हसले. मला लाज वाटली. लाजेपेक्षा राग जास्त आला, आणि तो मावशींचा नव्हता.

"वाचते," मी म्हणाले.

"मॅडम, चौसठ पेज हैं. काइकू इत्ता? मेरेकू साइट पे जाना है."

"जाइए ना. हम बैठे हैं."

ते गेले नाहीत. मी एकेक कलम वाचून मराठीत सांगू लागले. 'टर्मिनेशन', म्हणजे करार मोडणं : कंपनीला केव्हाही मोडता येईल, मालकाला नाही. 'डिकमिशनिंग' : मुदत संपल्यावर पॅनल आणि जमिनीतलं काँक्रीट कंपनीने काढून न्यायचं. मावशी वहीत खुणा करत होत्या. काही ठिकाणी मीच अडखळले. जे आपणच पहिल्यांदा वाचतोय ते दुसऱ्याला समजावणं सोपं नसतं. तासाभराने एकतिसावं कलम आलं.

"वो टेक्निकल है, छोड़ देव," श्रीनिवास म्हणाले.

मग तर मी दोनदा वाचलं. मालकाने आपल्या लगतच्या कोणत्याही जमिनीत कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय पाच फुटांहून उंच बांधकाम, झाड किंवा पीक ठेवायचं नाही. सोलरवाले याला शेडिंग क्लॉज म्हणतात. पॅनलवर सावली पडली की वीज कमी तयार होते, म्हणून हे बंधन. ते समजण्यासारखं आहे. पण इथे बंधन होतं ते कंपनीला न दिलेल्या तीन एकरांवर.

मावशी स्वतः जेमतेम पाच फूट. "म्हंजे माझ्या रानात म्या उभी राहिले तर चालंल," त्या म्हणाल्या. "डोक्यावर पाटी घ्यायची नाही."

"तूर नाही, ऊस नाही," मी म्हणाले. "आणि घर तर नाहीच."

"माझं उरलेलं रान कोणत्या अंगाला हाय, इचारा त्यांना."

श्रीनिवासांनी नकाशा उघडला. उत्तरेला होतं.

"उन्हाळ्यातले थोडे दिवस सोडले तर सावली उत्तरेला पडती. तुमच्या सोलरच्या तक्त्यांची माझ्या रानात पडल. मग उंची कुणी कुणाला ठरवून द्यायची?"

"अम्मा, ये टेम्प्लेट है. सबकू सेम. ग्यारह लोगां साइन कर दिए."

"त्यांना वाचून दाखवलं व्हतं?" मावशींनी विचारलं, पण बघत होत्या माझ्याकडे.

मी शेवटचं पान ओढलं आणि माझ्या सहीवर दोन आडव्या रेघा मारल्या.

"मॅडम, ये क्या कर रै आप? आप हमारे वकील हैं!"

"वकील आपकीच हूँ. दस्तखत मेरी है. झूठा सर्टिफिकेट नक्को. वो ग्यारह भी वापस ले रही हूँ, लिख के."

संध्याकाळपर्यंत पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसमधून फोन आला. साहेब आधी गोड बोलले, मग पॅनलवरून काढायची धमकी दिली. मी म्हटलं, काढा. पण प्रोजेक्टला कर्ज देणारी बँक प्रत्येक लीजमागचं हे सर्टिफिकेट तपासते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. अकरा फायली बिनसर्टिफिकेटच्या राहिल्या असत्या तर कर्ज अडलं असतं.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?" साहेबांनी विचारलं.

"गाडी. आणि गावात चार दिवस."

मावशींच्या करारातून एकतिसावं कलम आठवड्याभरात गेलं. मग त्यांनी सही केली, आणि त्यानंतर मी. गावात शाळेच्या व्हरांड्यात बसून मी अकराही करार वाचून दाखवले आणि मगच नवी सर्टिफिकेटं दिली. आठ जणांचं कलम पुरवणी करार करून रद्द झालं. तिघांचं उरलेलं रान खरोखरच दक्षिणेला होतं, त्यांच्यावरचं बंधन बांधालगतच्या पट्ट्यापुरतं उरलं. त्याच महिन्यात कंपनीने मला पॅनलवरून काढलं.

गावातल्या पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या मालकाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "वकीलबाई, हे मागच्या टायमाला का नाही वाचलं?"

"मीच वाचलं नव्हतं, काका. वाचून दाखवल्याची सही मात्र केली होती."

मग ते मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बरं. आता सावकाश वाचा."

कुणी तुमच्यापुढे करार सरकवून 'बाकीचं टेक्निकल आहे' म्हणालं, तर वाचायला तिथूनच सुरुवात करा. घाई त्यांना असते. जमीन कुठे पळून जात नाही.