शिट्टीमामांची तक्रार

शिट्टीमामा तोंडात बोटं न घालता शिट्टी मारायचे. जीभ वरच्या पुढच्या दातांमागे दुमडायची, मान किंचित वर करायची, आणि मग निघालेला आवाज आमच्या बांधावरून थेट ओढ्यापलीकडे पोचायचा. बसलेली मेंढरं एका झटक्यात उठायची. लहानपणी मी घरात जेवत असले, तरी ती शिट्टी ऐकून माझाही हात थांबायचा.

मामा जत तालुक्यातले मेंढपाळ. दिवाळीनंतर त्यांचा कळप पश्चिमेकडे निघायचा आणि साताऱ्याजवळच्या आमच्या गावी, सोयाबीन निघालेल्या रानात बसायचा. रानाला लेंडीखत मिळायचं, त्यांना धान्य. वडील गेल्यावर शेतीचं बघणं माझ्याकडे आलं. मी राहते सांगलीत, विश्रामबागेला. गावी जाते शनिवार-रविवार. मामांनी कसलीही चौकशी न करता हा बदल मान्य केला. पूर्वी वडिलांना विचारायचे, ते मला विचारू लागले, "ताई, औंदा कुठलं रान?"

एकदा फोनवर चित्रीकरण करायचं म्हणून मी त्यांना शिट्टी मारायला सांगितलं. चहा ओतलेला होता. मामांनी शिट्टी मारली, मेंढरं उठली, आणि मामा चालायलाच लागले. ओढ्यापर्यंत गेले, सगळा कळप पाणी पिऊन आला, तेव्हा कुठे परतले. नुसती एक शिट्टी मारली असती तरी चाललं असतं, असं मी गार झालेला चहा पुन्हा गरम करताना म्हणाले. मामा म्हणाले, "शिट्टी मारायची आन् जाग्यावरच हुबं ऱ्हायाचं, ही लबाडी झाली. ती मुकी हायती, पर येडी न्हाईत."

त्यांची दुसरी सवय खाण्याची. नात चिंगी कायम मांडीला चिकटलेली. तिला काही द्यायचं तर मामा आधी स्वतः दातांनी तोडायचे, अर्धं आपण खायचे आणि अर्धं तिला द्यायचे. सूनबाई उष्टं-उष्टं म्हणून कुरकुरायची, पण मामा ऐकत नसत. एका शनिवारी गावातल्या टपरीवरून आणलेल्या बिस्किटाच्या पुड्यातलं पहिलंच बिस्कीट त्यांनी असं तोडलं आणि तोंड धरून खाली बसले. बिस्किटात पत्र्याचा एक जाड, धारदार तुकडा होता. वरचे पुढचे दोन दात गेले, हिरडी फाटली. चिंगी हात पुढे करून अर्ध्या बिस्किटाची वाट बघत उभी होती.

मी मामांना साताऱ्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. उरलेला पुडा, टपरीची पावती, डॉक्टरांचा कागद, सगळं एका पिशवीत घातलं आणि तुकडा नीट जपायला मामांना बजावलं. पुढच्या आठवड्यात ग्राहक आयोगाकडे तक्रार लिहायला बसले आणि त्यांच्याकडे तुकडा मागितला. मामांनी तो जतला जाऊन आपल्या वस्तीवरच्या बिरोबाला वाहिला होता.

"लेकराच्या तोंडात जायाचं ते माझ्या तोंडात आलं. देवाचं देवाला नगं द्याया?"

तक्रारीचा सगळा आधारच तो तुकडा होता. मी परोपरीने समजावलं. मामा मान हलवत राहिले. वाहिलेलं माघारी मागायचं नाही, हे त्यांच्या लेखी पक्कं होतं. शेवटी मी विचारलं, देवासमोरच त्याचा फोटो काढला तर? मामांनी बराच विचार केला. "बघायला देवाची ना न्हाई."

मग मी जतला गेले. भंडाऱ्याने पिवळा झालेला तो तुकडा, शेजारी मोजपट्टी, असे फोटो काढले आणि पुजाऱ्याची सही घेतली.

कंपनीने आधी दिलगिरीचं पत्र आणि बिस्किटांचा एक खोका पाठवला. मामांनी खोका उघडलाच नाही. मेंढरांनासुद्धा घालणार नाही म्हणाले. सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी तुकड्याच्या जागी फोटो कसा, असं विचारलं. मग ते मामांच्या वयावर आणि तंबाखूवर आले. हे दात असेही पडलेच असते म्हणाले. आयोगाच्या बाईंनी मामांनाच विचारलं, तुमचं म्हणणं काय? मामा पटका सावरून उठले.

"दातानं खायाचं मी बगून घीन, बाई. माजी शिट्टी गेली. ती तेवढी द्या."

वकील हसले. शिट्टीला पुरावा काय, म्हणाले. मी परवानगी मागून फोनवरचं ते चित्रीकरण लावलं. त्या बंद खोलीत शिट्टी घुमली. बाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मामा खाली बघत होते. आपलीच शिट्टी ते उभ्या जन्मात पहिल्यांदा अशी लांबून ऐकत होते.

डॉक्टरांचा कागद आणि उरलेला पुडा धरून निकाल आमच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली, दात बसले. चांगले बसले, मामा पुन्हा भाकरी तोडू लागले. शिट्टी मात्र आली नाही. नुसती हवा यायची. बांधाकडे पाठ करून ते एकटेच प्रयत्न करताना मी बघितलंय. मेंढरं रवंथ करत बसून राहायची, आणि मग मामांचा मुलगा पत्र्याचा डबा वाजवून त्यांना उठवायचा.

मला एक उपाय सुचला. सांगलीहून छोटा स्पीकर नेला, ओट्यावर ठेवून फोन जोडला आणि ती शिट्टी लावली. सगळा कळप उठला. माना वळल्या, आणि मेंढरं सरळ आमच्या ओट्याकडे आली, स्पीकरभोवती गोळा झाली. उभीच राहिली. एक म्हातारी मेंढी पुनःपुन्हा स्पीकर हुंगत होती. मामांनी येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ताई, बंद करा त्ये. हितं म्होरं कोण चाललंय?"

त्यानंतर मी स्पीकर नेला नाही. मामा आणखी दोन हंगाम आले. गेल्या पावसाळ्यात ते गेले. मुलाने फोन केला तेव्हा मी ऑफिसात होते. खुर्चीतून उठले आणि कुठे जायचं ते न कळून तशीच उभी राहिले.

कळप अजून येतो. मुलगा चांगलं करतो, चिंगी आता रात्री कळपाभोवती जाळ्याची वाघर बांधायला मदत करते. कोणत्या रानात बसायचं ते मीच आधी सांगून टाकते, म्हणजे कोणी विचारायला नको. ती शिट्टी माझ्या फोनमध्ये आहे. विश्रामबागेत संध्याकाळी खिडकी लावून मी ती ऐकते. गावी मात्र मेंढरं बसलेली असली की फोन बंद करून कपाटात ठेवते आणि मगच रानात जाते. चुकून बोट लागलं आणि मेंढरं उठली, तर पुढे चालायला कोणीतरी हवं.