रविवारचे भाऊ

ताईशी माझं शेवटचं बोलणं झालं ते भाकरीच्या कडांबद्दल. नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी नेरळहून स्कूटर काढून मी खालापूरजवळच्या तिच्या गावी पोचलो, ओटीवर बसून पेपर वाचला, आणि मग तिनं वालाचं बिरडं, सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी पुढ्यात ठेवली. मी भाकरी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणालो, "आज कडा फुटल्यात गं." ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, "पिठाची विरी गेली रं. पुढल्या येळंला ताजं दळून आनते." मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, पाणी प्यालो, थोडा लवंडलो आणि परत आलो. गुरुवारी तिच्या शेजारणीचा फोन आला. ताई सकाळी चहाला उठली नव्हती...

आमच्या भागात दशक्रियेला भाषणं होतात. मेलेल्या माणसाला कधी न भेटणं ही वक्त्याची मुख्य पात्रता असावी, असं मी बऱ्याच वर्षांच्या निरीक्षणानंतर ठरवलेलं आहे. पाताळगंगेच्या काठावर पांढऱ्या कपड्यातले एक पुढारी उठले, हातातल्या चिठ्ठीवरून ताईचं नाव नीट वाचलं आणि म्हणाले, "एवढ्या दुर्धर आजारातही सुमनताईंनी माहेरच्या माणसाला शेवटपर्यंत स्वतःच्या हातची भाकरी घातली. याला म्हणतात त्याग." मला नवल वाटलं. दशक्रियेच्या भाषणात प्रथमच एक खरं वाक्य ऐकत होतो. मी मान डोलावली. ती मान आठवली की आजही मला कुणाच्या डोळ्यात बघवत नाही.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिचे यजमान रसायनीच्या एका कारखान्यात होते. त्यांच्या नोकरीभर दोघं मोहोपाड्याच्या कॉलनीत राहिली आणि निवृत्तीनंतर गावी परतली. मूलबाळ नव्हतं. ते गेल्यावर ती एकटीच राहिली, आणि त्याच सुमारास तिची बोटं सकाळी उघडेनाशी झाली. दहा-अकरा वाजेपर्यंत मूठ आवळलेलीच. गावानं त्याला वय म्हटलं, कुणी वारं म्हटलं. तेलं झाली, शेक झाले, मनगटाला दोरा झाला. मी सारी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. कुठल्याही दुखण्यावर माझ्याकडे पुस्तक असे. तिच्या दुखण्यावर मी तीन नेऊन दिली. तिला पान उलटता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

शेवटी कुणीतरी खोपोलीतल्या एका केंद्राचं नाव सांगितलं. तिथे महिन्यातून एकदा मुंबईहून सांध्यांचे डॉक्टर येत. पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत गेलो. हा आमवात, डॉक्टर म्हणाले. शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटते, झीज वेगळी आणि हे वेगळं. इथवर ठीक होतं. पण मग टेबलाभोवती चौघं बसली: डॉक्टर, रुबिना नावाची नर्स, फिजिओथेरपीच्या मॅडम आणि आहार सांगणाऱ्या मॅडम. चौघांनी आपापली ओळख करून दिली. भिंतीवर 'रुग्ण हाच केंद्रबिंदू' अशी पाटी होती. मला असल्या पाट्यांची ॲलर्जी आहे. मी ताईच्या कानात म्हणालो, "मुलगी बघायला आल्यासारखे बसलेत." तिला हसू आवरेना.

फिजिओच्या मॅडमनी तिला विचारलं, "तुम्हाला काय करता यायला हवंय?" दुसऱ्या कुणी केस विंचरणं म्हटलं असतं, चालणं म्हटलं असतं. ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाकरी थापता याया पायजे."

"भाकरी थापताना मनगटावर फार जोर येतो. ती सोडून दुसरं काही?"

"नाय. दुसरं काय नाय."

"घरी मदतीला कोण असतं?"

"मी जातो ना दर रविवारी," मी म्हणालो.

"तुम्ही काय मदत करता?"

"जेवतो."

सगळे हसले. डॉक्टरही हसले. त्या दिवसभर मी त्या उत्तरावर खूश होतो. परतताना एसटीत ताई म्हणाली, "चौघं व्हती, पन एकच मानूस इचारतोय असं वाटलं रं. आजवर कुनी एवढं इचारलंच नाय." मी खिडकीबाहेर बघत होतो.

खरं सांगायचं तर त्या चौघांनी तिला परत उभं केलं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी, रोज कोमट पाण्यात बोटांचे व्यायाम. तिला खोकला झाला की रुबिना डॉक्टरांना फोन करी आणि त्या आठवड्याची गोळी थांबवायची का ते विचारून घेई. हंडा बोटांनी उचलायचा नाही, दोन्ही तळव्यांनी कवेत घ्यायचा, हे मॅडमनी घरी येऊन शिकवलं. एकीनं सांगितलेलं दुसरीला ठाऊक असे. आमच्या कॉलेजात एका मजल्यावरच्या दोन विभागांना हे कधी जमलं नाही. वर्षभरात मूठ सकाळच्या चहापर्यंत उघडू लागली. ताई स्वतःची साडी स्वतः नेसू लागली, शेजारणीबरोबर बाजारात जाऊ लागली. मी या सगळ्याचं श्रेय हवेला दिलं. आणि रविवारी भाकरी पुढ्यात येतच होती, तेव्हा हात बरे आहेत याचा तोच पुरावा मी धरून चाललो.

ती गेल्यावर तीनेक आठवड्यांनी तिची न फोडलेली औषधं आणि हाताला बांधायचे पट्टे परत द्यायला मी केंद्रात गेलो. रुबिना सिस्टरनी पिशवी घेतली. पहिल्या दिवसानंतर मी तिथे फिरकलोच नव्हतो, तिनं मला ओळखलं नाही.

"तुम्ही सुमनताईंचे..."

"भाऊ."

"म्हणजे रविवारचे भाऊ तुम्ही?" असं म्हणून ती ओशाळली. "नाही, म्हणजे फायलीत तसंच लिहिलंय आम्ही."

मी विचारलं, फायलीत माझं काय काम? ती सांगायला तयार नव्हती. मी खुर्चीवरून उठेना तेव्हा बोलली.

"शनिवारी संध्याकाळपासून त्या दुखण्याच्या जादा गोळ्या घ्यायच्या. आम्ही दिलेल्या नाहीत, स्वतः मेडिकलातून आणलेल्या. रविवारी भाकऱ्या थापण्यापुरते हात चालले पाहिजेत म्हणून. मग सोमवारी बोटं उघडायची नाहीत. रक्तात किडनीवर ताण दिसला तेव्हा आम्ही खोदून विचारलं, तेव्हा कबूल केलं. मग आम्ही चौघं बसलो त्यावर. आहाराच्या मॅडम म्हणाल्या, भावाला भात चालत नाही का?"

"चालतो," मी म्हणालो. "मला भात चालतो."

"आम्ही म्हटलं, भावाला फोन करतो, नंबर द्या. दिलाच नाही."

"का?"

रुबिना पिशवीतल्या पट्ट्यांची घडी घालत होती. "म्हणाल्या, भाकरी नाय म्हटल्यावर तो येयाचा का नाय, मला म्हाईत नाय. आठवड्यात तेवढाच एक मानूस येतो."

त्या गोळ्यांनीच ती गेली का, हेही मी विचारलं. रुबिना म्हणाली, हृदय बंद पडलं. या आजारात हृदयावरही भार येतो. गोळ्यांचं तसं सांगता येणार नाही, मनाला लावून घेऊ नका. म्हणजे गुन्हेगार म्हणवून घ्यायलाही मला पुरावा नाही. त्या चौघांनी तिचं रक्त सांभाळलं, सांधे सांभाळले, झोप सांभाळली. त्यांना हाताळता आला नाही असा तिच्या आजाराचा एकच भाग होता, आणि तो दर रविवारी स्कूटरवरून येत होता. तिला माझी खात्री नव्हती... आणि भाकरी नसती तर मी गेलो असतो का, याचं उत्तर स्कूटर चालवताना, अंघोळ करताना, अगदी हे लिहितानाही मी शोधतो आहे.

म्हणून गेल्या रविवारी गेलो. शेजारणीकडून किल्ली घेतली. इतक्या वर्षांत मी ओटीच्या आत फारसा गेलोच नव्हतो. स्वयंपाकघरात तर नाहीच. नळाला दवाखान्यात असते तशी लांब दांड्याची तोटी होती, कोपरानं उघडता येणारी. उलथन्याची मूठ जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळून मनगटाएवढी जाड केलेली. डब्यांच्या झाकणांना कापडाचे फास, बोटं न वळवता ओढायला. ओट्याशी उंच स्टूल. मी त्या स्टुलावर बसलो. आलो की नाही भाकरीशिवाय, असं मनात म्हणालो, आणि ते ऐकायला कुणी नव्हतं. तिचा पदर, तिची उभी राहायची जागा, सगळं आठवायचा मी नेटानं प्रयत्न केला. थोडा वेळ ते जमलंही. मग भूक लागली. अजून जरा बसू, असं मी ठरवलं, बसवेना.

कुलूप लावून किल्ली परत द्यायला गेलो.

"एवढ्यातच निगाले, भाऊ?" शेजारीण म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "जेवायची वेळ झाली."